बोलीचा आकडा आणि घरचा हिशेब

पौड, पिरंगुट, भूगाव, भुकूम, कोळवण, माले आणि वरच्या धरणाकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या सगळ्या ताई-माई-अक्का, आजच्या गप्पांत तुमचं स्वागत. हातात काम असेल तर ते चालू राहू द्या. निवडायचे तांदूळ निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, फक्त कान इकडे असू द्या.

आज आम्ही कबड्डीवर बोलणार आहोत. रेडिओवर बायका बायकांशी कबड्डीवर कशाला बोलतायत, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण आमच्या गटाच्या मागच्या महिन्याच्या बैठकीत घडलं. हप्ते गोळा झाले, जुनी कर्जं वाचून झाली, आणि आमच्यातल्या एका ताईंनी नवीन कर्जाची मागणी केली, दहा हजारांची. कशासाठी, तर थोरल्या मुलाला कबड्डीचे बूट घ्यायचेत, आणि निवड चाचणीसाठी तो बाहेरगावी जाणार आहे. आता आमचा गट कर्ज देतो ते बी-बियाणाला, दवाखान्याला, शेळीला, शाळेच्या फीला. कबड्डीला आजवर दिलेलं नाही. एक जण म्हणाली, "ही काय गरज झाली का?" दुसरी म्हणाली, "अगं, त्या सिद्धार्थ देसाईला दीड कोट मिळाले. उद्या हिच्या पोराला मिळाले तर आपल्यालाच जेवण देईल!" सगळ्या हसल्या, पण निर्णय झाला नाही. आम्ही ठरवलं, आधी त्या दीड कोटीचा हिशेब नीट समजून घेऊ आणि मग बोलू. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतोय.

सिद्धार्थ देसाई आपल्या मराठी मुलखातलाच. कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला, कर्नाटकच्या हद्दीला लागून चंदगड तालुका आहे. तिथलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. घर शेतकऱ्याचं. आपल्याकडे जत्रेत खेळतात तशीच मातीतली कबड्डी खेळत तो मोठा झाला. मोठा भाऊ सूरज हाही कबड्डीपटू. सिद्धार्थने खेळता खेळता शिक्षण सोडलं नाही, भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि आपल्या मातीतला खेळ टीव्हीवर आला. मातीच्या जागी चटई आली, अनवाणी पायांत बूट आले, आणि खेळाडूंचा लिलाव व्हायला लागला. लिलाव म्हटलं की आपल्याला मार्केट यार्ड आठवतं, आणि पद्धत खरंच तशीच आहे. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. प्रत्येक वर्गाची किमान किंमत ठरलेली. अलीकडच्या लिलावांत अ वर्गाला 30 लाख, ब ला 20 लाख, क ला 13 लाख आणि ड ला 9 लाख अशी ती होती. प्रत्येक संघाच्या खिशात ठरावीक रक्कम, 5 कोटींच्या आसपास, आणि त्यातच अख्खा संघ बसवायचा. एका खेळाडूवर दीड कोटी घातले तर बाकीच्यांच्या वाट्याला काय उरतं, ते तुम्हीच काढा. शिवाय ज्याच्यावर कुणीच बोली लावत नाही, तो तसाच घरी परततो. टीव्हीवर त्याचं तोंड दिसत नाही, म्हणून तो आपल्या हिशेबात येत नाही.

2018 साली यू मुंबा या संघाने सिद्धार्थला 36 लाख 40 हजारांना घेतलं. त्याचा हा पहिलाच मोसम. त्याने 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण मिळवले. चढाईला गेला की दोघं-तिघं अंगावर घेऊन तो मध्यरेषेपर्यंत ओढत यायचा. लोक त्याला बाहुबली म्हणायला लागले. पुढच्याच वर्षी, 2019 च्या लिलावात, तेलुगू टायटन्स संघाने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्या मोसमातला तो सगळ्यात महागडा खेळाडू. आपल्याला माहीत असलेला दीड कोटीचा आकडा तो हाच. बातमी इथपर्यंतच आपल्या कानावर आली, पुढचं कुणी सांगितलं नाही.

पुढचं असं. 2019 च्या मोसमातही त्याने 217 गुण काढले. 2020 साली करोना आला आणि स्पर्धा झालीच नाही. ऐन उमेदीतलं एक वर्ष गेलं. 2021 च्या लिलावात टायटन्सनेच त्याला 1 कोटी 30 लाखांना परत घेतलं. तो मोसम बंगळुरूला प्रेक्षकांविना झाला. त्यात सुरुवातीच्या काही सामन्यांतच त्याला दुखापत झाली आणि उरलेला मोसम तो बाहेर बसला. 2022 च्या लिलावात त्याच खेळाडूची, त्याच संघाने लावलेली किंमत होती 20 लाख.

मैत्रिणींनो, एक कोटी तीस लाखांवरून वीस लाख, आणि तेही एका वर्षात. माणूस तोच होता, ताकद आणि मेहनतही तीच. फरक पडला तो दुखावलेल्या अंगाने. टोमॅटोचा भाव कसा आज आठशे रुपये क्रेट आणि महिन्याने कुणी विचारत नाही, तसं हे झालं. त्यातही टोमॅटो आपण पुढच्या वर्षी परत लावू शकतो. खेळाडूला वर्षं मोजून मिळालेली असतात.

त्याने हार मानली नाही, हेही सांगायला हवं. तो पुन्हा उभा राहिला आणि 2023 च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला 1 कोटीला घेतलं. तो संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला. 1 मार्च 2024 ला हैदराबादला अंतिम सामना झाला आणि समोर होती आपली पुणेरी पलटन. त्या रात्री आपल्या कितीतरी घरांत टीव्ही उशिरापर्यंत चालू होता. पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले तेव्हा झालेली आरडाओरड आम्ही आमच्या ओसरीवर ऐकली आहे. पुण्याने 28-25 असा सामना जिंकला आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. म्हणजे आपण नाचत होतो तेव्हा हुंदळेवाडीचा सिद्धार्थ हरलेल्या संघात होता. पुढच्या लिलावात त्याचा आकडा पुन्हा खाली आला.

आता जिंकलेल्या संघाच्या कप्तानाकडे बघू. अस्लम इनामदार. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, टाकळीभान गावचा. वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. आईने कष्ट करून घर चालवलं आणि पोराला खेळू दिलं. अस्लम कोटीच्या बोलीने आला नाही. नव्या तरुण खेळाडूंना संघ वेगळ्या यादीतून घेतात, तसा तो पुणेरी पलटणमध्ये आला. तिथे मोबदला कमी असतो, शिकायला मिळतं, आणि चांगला खेळला तर संघ सांभाळून ठेवतो. तो चढाईही करतो आणि पकडही. ऑक्टोबर 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोला आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं, त्या संघात तो होता. त्यानंतर पाच महिन्यांत त्याने पुण्याला करंडक मिळवून दिला आणि मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

आणि लगेच पुढच्या, 2024 च्या मोसमात त्याचा गुडघा दुखावला. उरलेला मोसम हातचा गेला. 2025 साली तो परत आला, पुन्हा कप्तान झाला, संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला आणि 31 ऑक्टोबरला दिल्लीकडून 28-31 असा, अवघ्या तीन गुणांनी हरला.

हे दोघे तर यशस्वी झालेले. सिद्धार्थच्या मोठ्या भावाचं, सूरजचं बघा. 2017 साली दिल्लीच्या संघाने त्याच्यावर मोठी बोली लावली होती. दुखापत झाली आणि तो मोसम खेळताच आला नाही. लीगमधला पहिला सामना खेळायला त्याला 2019 उजाडलं. त्या पहिल्या सामन्यात त्याने चढाईचे 18 गुण मिळवले. म्हणजे गुण अंगात होतेच, वाट बघण्यात दोन वर्षं गेली. मधल्या काळात घरच्यांनी काय काय ऐकलं असेल, ते आपण बायका ओळखू शकतो.

आता हा सगळा हिशेब आपल्या तालुक्याशी जोडून बघा. एकदम हातात आलेला पैसा काय करतो, हे मुळशीला कुणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या. 1921 साली सेनापती बापटांबरोबर आपली माणसं त्यासाठी उभी राहिली. ती जमीन गेली तेव्हा हातात फार काही आलं नाही. नंतर हिंजवडी झालं, कंपन्या आल्या, बंगले आले, सोसायट्या आल्या, आणि उरलेल्या जमिनी विकल्या गेल्या. या खेपेला पैसा भरपूर आला. दारात गाडी आली, लग्नं थाटात झाली, वाढदिवसाचे फ्लेक्स लागले. दहा वर्षांनी त्याच घरातला मुलगा स्वतःच्या जुन्या जमिनीवरच्या गेटवर रखवालदार म्हणून उभा राहिला. अशी घरं प्रत्येकीच्या ओळखीत आहेत. त्यांच्यात अक्कल कमी नव्हती. एकदाच येणारा पैसा दरवर्षी येणार आहे असं त्यांनी धरलं, चुकलं ते तिथे.

खेळाडूचा पैसाही तसाच एकरकमी आणि थोड्या वर्षांचा असतो. लिलावातला आकडा सहसा एका मोसमाचा. त्यातून कर कापला जातो. दहा चांगले मोसम मिळाले तर नशीब थोर. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांचा खेळ संपतो आणि आयुष्य पुढे तीस-चाळीस वर्षं चालायचं असतं. म्हणून सिद्धार्थची पदवी आम्ही लक्षात ठेवायला सांगितली. बोली वर-खाली होईल, पण पदवीचा कागद त्याच्याकडून कुणी काढून घेणार नाही.

इतका वेळ आपण मुलांविषयी बोललो. बैठकीत एक आजी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, "हिची धाकटी लेक पण खेळती ना? ती तर भावापेक्षा चपळ आहे. तिच्या बुटाचं काय?" कर्ज मागणाऱ्या ताई गप्प झाल्या. खरं सांगायचं तर आम्ही सगळ्याच गप्प झालो. दहा हजारांच्या मागणीत मुलीचे बूट नव्हतेच.

मुलींचा हिशेब वेगळा आहे, तोही ऐका. आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी 2010 पासून आहे. भारताच्या मुलींनी 2010 आणि 2014 ला सुवर्ण जिंकलं, 2018 ला इराणकडून 24-27 असं हरून रौप्य घेतलं. 2012 साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताने जिंकला, आणि त्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे आणि पुण्याची दीपिका जोसेफ होत्या. अभिलाषाला पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोमध्ये मुलींनी चायनीज तैपेईला 26-25 असं, एका गुणाने हरवून सुवर्ण परत आणलं. मुंबईची सोनाली शिंगटे आणि पुण्याची स्नेहल शिंदे त्या संघात होत्या. त्याच दिवशी अस्लमच्या संघानेही सुवर्ण जिंकलं. नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्याला मुलींनी पुन्हा चायनीज तैपेईलाच 35-28 असं हरवून विश्वचषक राखला.

पदक दोघांचं सारखं, दिवसही तोच. पण तिथून परतल्यावर मुलांसाठी लिलाव तयार होता. मुलींसाठी तसा लिलाव नाही. 2016 साली प्रो कबड्डीने मुलांच्या स्पर्धेबरोबर मुलींचे तीन संघ करून एक छोटी स्पर्धा घेतली होती. हैदराबादला झालेला तिचा अंतिम सामना 24-23 असा एका गुणाने सुटला. रंगलेला खेळ होता. पण प्रो कबड्डीने पुन्हा तसा मोसम मुलींसाठी भरवला नाही. आपल्या मुली खेळतात त्या रेल्वे, पोलीस, बँक अशा नोकरीच्या आधारावर. पगार महिन्याचा, लाखाकोटीचा नव्हे. मात्र तो दर महिन्याला येतो आणि गुडघा दुखला म्हणून एका रात्रीत घसरत नाही. आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे मुलींचाच सौदा बरा की!" दुसरीने तिला लगेच थांबवलं. बरोबरच आहे. मुलीला नोकरी हवीच आणि मुलाला मिळतं ते मैदानही हवं. मुलाच्या मोठ्या स्वप्नासाठी कर्ज आणि मुलीच्या स्वप्नासाठी "बघू नंतर", हे मात्र लीगने केलेलं नाही. ते आपल्याच घरात, आपल्याच हातून होतं.

मग मुलाला किंवा मुलीला खेळायला पाठवताना आईने काय बघायचं? आम्ही जाणकारांना विचारून, आपसात बोलून चार-पाच गोष्टी काढल्या आहेत.

पहिली गोष्ट, शाळा सोडायची नाही. कुणी म्हणालं, "याला आता शिकवू नका, पूर्णवेळ खेळू द्या," तर त्याला आपण हात जोडून नाही म्हणायचं. चांगल्या खेळाडूला दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्या जागेसाठी शिक्षणाची अट पूर्ण करावीच लागते. बारावी नसेल तर पदक भिंतीवरच राहतं.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. जत्रेतल्या सामन्याची ढाल दिवाणखान्यात शोभते, नोकरीला उपयोगी पडत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शालेय क्रीडा स्पर्धांचंच प्रमाणपत्र धरलं जातं आणि सरकारी क्रीडा कार्यालयाकडून त्याची पडताळणी होते. म्हणून प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा, आणि त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा.

तिसरी गोष्ट शरीराची. कबड्डीत गुडघा, खांदा आणि घोटा सगळ्यात जास्त दुखावतात. गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट तुटलं तर शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला आठ-नऊ महिने सहज लागतात, आणि हे दुखणं मुलींना मुलांपेक्षा जास्त होतं. म्हणून खेळाआधी अंग गरम करणं, मांड्यांची ताकद वाढवणारे व्यायाम करणं, हे शिकवणारा प्रशिक्षक आहे का, ते विचारा. मुरगळलेल्या पायावर लेप लावून दुसऱ्या दिवशी पोराला सामन्यात उतरवणारा माणूस प्रशिक्षक नव्हे. आणि खाणं. मुलगा खेळतो म्हणून त्याला अंडी आणि दूध, मुलगी खेळते तरी तिला उरलेलं, असं करू नका. मुलीचं रक्त वर्षातून एकदा तपासून घ्या.

चौथी गोष्ट, कुणी करार पुढे केला तर वाचल्याशिवाय सही करायची नाही. इंग्रजीत असेल तर शाळेतल्या सरांकडून, बाईंकडून किंवा वकिलाकडून समजून घ्यायचा. तीन प्रश्न विचारायचे. पैसे कधी आणि किती टप्प्यांत मिळणार? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? खेळता आलं नाही तर उरलेले पैसे मिळणार का? "निवड करून देतो, इतके भरा," असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरायचं.

पाचवी गोष्ट आपल्या गटाची. पैसा आलाच, तर पहिल्या वर्षी गाडी नको. आधी कर्ज फेडायचं, मग काही रक्कम मुदत ठेवीत, आणि ती ठेव आईच्या किंवा बायकोच्याही नावाने. दरमहा शंभर रुपये बाजूला टाकून आपण गट उभा केला. कोटीचा हिशेबही त्याच वहीत लिहिता येतो, फक्त शून्यं वाढतात.

आता आमच्या बैठकीत पुढे काय झालं ते सांगतो. या महिन्यात आम्ही पुन्हा बसलो. कर्ज मंजूर झालं. दहा नाही, बारा हजार. त्यात बुटांचे दोन जोड आहेत, एक मुलाचा आणि एक मुलीचा. अट एकच घातली आणि ती इतिवृत्तात लिहून घेतली. दोघांची शाळा सुटली नाही पाहिजे. हप्ता नेहमीसारखाच, व्याजही नेहमीसारखंच. खेळासाठी घेतलं म्हणून माफी नाही आणि खेळासाठी घेतलं म्हणून टोमणाही नाही. त्या ताईंनी सही केली. आजींनी विचारलं, "सामना कधी आहे पोरीचा? मला बघायचाय."

मुलगा निवडला जाईल की नाही, मुलगी कुठवर जाईल, आम्हाला माहीत नाही. बालेवाडी-म्हाळुंग्याचं मोठं क्रीडासंकुल आपल्या उंबऱ्याशी आहे. ते 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. आपल्यातल्या कितीजणी त्यावरून रोज बसने जातात, पण आत पाऊल टाकलेल्या किती असतील? एखाद्या रविवारी मुलींना घेऊन सामना बघायला जाऊ या, असं आमच्या गटाने ठरवलंय.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. आपल्या गावात कोणती मुलं आणि कोणत्या मुली खेळतात, त्यांची नावं लिहून काढा. त्यांच्यापुढे बूट कुणाला आहेत आणि कुणाला नाहीत, तेही लिहा. ती यादी वाचून तुम्हाला काय दिसलं, ते आम्हाला पत्राने नाहीतर फोनने कळवा. पुढच्या गप्पांत तुमची पत्रं वाचू.

येतो मैत्रिणींनो. काळजी घ्या, स्वतःच्या गुडघ्यांचीही.